आत, मध्ये, बाहेर

गाडी निवत निवत आणू नकोस, शंतनू.
शेवटची फेरी रमतगमत मारलीस
तर टायर सगळं विसरून जातो.
झुंजलास तसाच आत ये, तापलेला.
मिनिटभर वेळ असतो माझ्याकडं,
चार टायर, बारा टोचण्या.

डावा पुढचा आधी.
हुपरीकडच्या ह्या ट्रॅकची बहुतेक वळणं उजवीकडची,
उसाच्या फडाला वळसा घालताना
गाडी सगळी ह्याच्याच अंगावर येते.
सुई रबरात दोन मिलिमीटर घुसते,
आकडे चढतात, थांबतात, उतरायच्या आत वाचायचे.
बाहेर शहाण्णव.
मध्ये चौऱ्याऐंशी.
आत अठ्ठ्याहत्तर.
पेन्सिलीनं लिहिते. शाई घामानं पसरते.

हेल्मेट पुरतं निघालेलंही नसतं
आणि शंतनू इंगवले सांगून मोकळा:
"इंजिनात दमच न्हाई, मामा."
दस्तगीर शिकलगार पान्हा पुसत ऐकून घेतात.
मग मला विचारतात, "आणि ह्यो काय म्हणतोय?"
ह्यो म्हणजे टायर.

मी कागद पुढं करते.

शंतनू खोटं बोलत नाही. त्याला तसंच वाटतं.
वळणात नाक आत येत नाही, म्हणून थांबतो,
थांबतो म्हणून पाय उशिरा देतो,
आणि पुढच्या सरळ पट्ट्यावर
इंजिनच्या नावानं शिमगा.

माझा बाप चप्पल शिवतो.
जुना जोड घेऊन कुणी आलं
की आप्पा माणसाचं तोंड बघायचे नाहीत,
आधी चप्पल उलटी करायचे,
तळाच्या कडेवरनं अंगठा फिरवायचे:
"डावी टाच भाईरनं खाल्लीया. गुडघा दुखतोय न्हवं?"
गिऱ्हाईक हसायचं, छे, गुडघ्याला काय धाड भरलीय.
दोन महिन्यांनी तेच गिऱ्हाईक
दुकानाची पायरी कठडा धरून चढायचं.

फरक एवढाच, की चप्पल वर्षभर थांबते तुमच्यासाठी.

"चाक उभं हाय," मामा म्हणतात,
"आणि उभं हाय हाच घोळ.
गाडी वळणात कलली की चाक बी कलतंय,
भाईरच्या कडंवर नाचतंय एकटं.
म्हणून गाडी जाग्यावर असतानाच
त्याचं डोकं जरा आत घालून ठेवायचं."
अर्धा अंश. जास्त नाही.
हवा पण बघू या, स्प्रिंग पण बदलू या, शंतनू घाई करतो.
मामा पान्ह्यानं त्याच्याकडं बोट करतात:
"एका येळंला एकच.
दोन औषधं दिली तर गुण कुणाचा म्हणायचा?"

जॅक, दोन पातळ पत्र्या, पट्टी, पुन्हा पट्टी.
मामांना चष्म्याशिवाय पट्टीवरचे आकडे दिसत नाहीत
आणि चष्मा लावायला त्यांना आवडत नाही,
मी मोठ्यानं वाचते.

आठ फेऱ्या.
उन्हानं डांबर मऊ झालंय, जवळच्या गुऱ्हाळातून
काकवीचा वास, त्यात जळक्या रबराचा.
आत एक्याण्णव.
मध्ये अठ्ठ्याऐंशी.
बाहेर शहाऐंशी.
आतली कड थोडी गरम राहिली, ती राहू दे, तशीच हवी.
घड्याळात सहा दशांश कमी.

शंतनू उडी मारून उतरतो, घामानं निथळत:
"इंजिन सुटलं बघा, मामा! म्हटलं नव्हतं?"
इंजिनला सकाळपासून कुणी हात लावलेला नाही.
मामा माझ्याकडं बघतात, मी कागदाकडं.
ते मागच्या उजव्या चाकापाशी जाऊन बसतात.

आप्पा अजून ट्रॅकवर आलेले नाहीत.
आवाज सोसत नाही म्हणतात.
रात्री दारात बूट काढले
तर त्यांनी त्यातला एक उचलला, उलटा केला,
अंगठा कडेवरनं सावकाश नेला.
"कुणीकडं कलून बसतीस गं दिवसभर?"

डाव्या पुढच्याकडं, मी म्हटलं.

त्यांनी दुसरा बूट मागितला.